दिसले नाही, मोजले तर? अपस्माराच्या निदानातील मेंदूच्या मोजमापाचा आढावा

फिट्स येणाऱ्या माणसाचा एमआरआय 'नॉर्मल' आला की घरच्यांना हायसे वाटते. अपस्माराच्या डॉक्टरांना मात्र हाच शब्द पुष्कळदा पेचात टाकतो. फिट मेंदूच्या एकाच भागातून सुरू होते असे लक्षणे सांगतात, ईईजीही तिकडेच बोट दाखवतो, दोन औषधे देऊन झालेली असतात, फिट्स थांबलेल्या नसतात आणि फिल्मवर मात्र काहीच नसते. मेंदूत खरोखर काही नाही, की आहे पण कोणाच्या डोळ्यांना दिसले नाही? या प्रश्नावर गेली पस्तीसेक वर्षे एक उपाय सुचवला जातो आहे: चित्र नुसते पाहू नका, मोजा. मेंदूच्या एखाद्या भागाचे आकारमान, वरच्या थराची जाडी, ऊतींमधून येणाऱ्या सिग्नलचा ऱ्हासकाळ यांचे आकडे काढा आणि निरोगी माणसांच्या आकड्यांशी ताडून पाहा. हा उपाय आज कुठवर आला आहे, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय म्हटले जाते आणि काय अजून अधांतरी आहे, ते पाहू.

प्रश्न कोणाचा आहे

एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. अपस्माराचे निदान एमआरआय करत नाही. ते होते रुग्णाच्या आणि फिट प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या हकिगतीवरून. हल्ली घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्यात फार उपयोगी पडतो. ईईजीची जोड मिळते. एमआरआयचे काम कारण शोधण्याचे, म्हणजे फिट जिथून निघते तिथे मेंदूच्या रचनेत काही दोष आहे का, हे पाहण्याचे. मोजमापाचा सगळा वाद या दुसऱ्या कामापुरता आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळपास ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. बहुतेकांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात येतात. क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० साली ग्लासगोतल्या ५२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ६३ टक्के रुग्ण फिट्समुक्त झालेले आढळले. उरलेल्या साधारण एक तृतीयांशांचे काय, हा खरा प्रश्न. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० मध्ये त्यांच्यासाठी व्याख्या ठरवली: योग्य निवडलेली आणि सोसवलेली दोन औषधे वापरूनही फिट्स थांबल्या नाहीत, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार.

अशांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा मोठा उपयोग होतो. कॅनडात वीबे आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्णांवर केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने ५८ टक्के रुग्णांना शुद्ध हरपणाऱ्या फिट्स येत नव्हत्या. केवळ औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिट्समुक्त झालेल्यांचे आकडे अनुक्रमे ७७ आणि ७ टक्के असे होते. त्याच चाचणीतला दुसरा आकडाही लक्षात ठेवायला हवा: शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९ मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले, त्यांत अंगाच्या एका बाजूची ताकद जाणे हा प्रमुख होता. म्हणजे फायदा मोठा आणि किंमतही खरी. जागा चुकली तर किंमत तेवढी उरते.

ती जागा ठरवण्यात एमआरआयवरच्या दोषाचे वजन फार असते. टेलेझ-झेन्टेनो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की एमआरआयमध्ये किंवा काढलेल्या ऊतीत दोष सापडलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर फिट्समुक्त होण्याची शक्यता, दोष न सापडलेल्यांच्या तुलनेत, सुमारे अडीचपट असते. एवढ्यावरून 'नॉर्मल' रिपोर्ट पुन्हा उघडण्याची निकड कळावी.

हिप्पोकॅम्पस: जिथे मोजमाप रुळले

कानशिलाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये दडलेल्या हिप्पोकॅम्पसचा अपस्माराशी असलेला संबंध जुना आहे. फ्रान्समध्ये बूशे आणि काझोव्येल यांनी १८२५ मध्ये शवविच्छेदनात तो भाग कठीण झालेला पाहिला. जर्मनीत झॉमर यांनी १८८० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या पेशी नष्ट झाल्याचे वर्णन केले. पण जिवंत माणसात तो पाहायची सोय नव्हती. १९७०च्या दशकात सीटी स्कॅन आला, त्याने गाठी आणि रक्तस्राव दाखवले; कवटीच्या तळाच्या हाडाजवळचा हा चिमुकला भाग मात्र त्यालाही धड दिसेना. एमआरआयने ते जमवले.

१९९०च्या सुमारास अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये क्लिफर्ड जॅक आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसचे आकारमान मोजून फिट कोणत्या बाजूची हे ठरवता येते असे दाखवले. त्याच काळात ग्रेम जॅक्सन यांनी एमआरआयवर हिप्पोकॅम्पसचा स्क्लेरोसिस, म्हणजे पेशी जाऊन राहिलेला व्रण, खात्रीने ओळखता येतो असे मांडले. त्या वेळची पद्धत पाहण्यासारखी आहे. हिप्पोकॅम्पसच्या लांब अक्षाला काटकोनात काप घ्यायचे, प्रत्येक कापावर त्याची कड हाताने आखायची, मिळालेले क्षेत्रफळ कापाच्या जाडीने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. प्रौढ माणसात ती साधारण तीन ते चार घन सेंटिमीटर भरते. पुढच्या टोकाला, जिथे हिप्पोकॅम्पस अमिग्डालाला चिकटतो, तिथे कड कुठे संपवायची यावर दोन अनुभवी माणसांचे एकमत होणे कठीण. त्यामुळे प्रत्येक केंद्राला आपापला नियम लिहून ठेवावा लागे आणि एका केंद्राचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा चालत नसे.

जॅक्सन यांनी १९९३ मध्ये दुसरी मोजपट्टी आणली: टी-टू रिलॅक्सेशन, म्हणजे ऊतीतला एमआर सिग्नल किती मिलिसेकंदांत विरतो याचे माप. पेशी जाऊन व्रण राहिला की हा काळ वाढतो. याचा खास फायदा दोन्ही बाजू बिघडलेल्या रुग्णांत. डोळा डाव्याची उजव्याशी तुलना करतो. दोन्ही सारखेच आक्रसले असतील तर त्याला तफावत दिसत नाही. आकड्याला दुसऱ्या बाजूचा आधार लागत नाही.

आज हे आखणीचे काम संगणक करतो. आंत्रावळीसारखा दुमडलेला हिप्पोकॅम्पस उलगडून सपाट मांडणाऱ्या प्रणाली आल्या आहेत आणि त्यांच्यावर बेतलेली, व्रण आहे का आणि कोणत्या बाजूला हे सांगणारी साधनेही. या भागाबद्दल तज्ज्ञांत फारसा वाद राहिलेला नाही. ठळक व्रण अनुभवी डोळ्याला तसाही दिसतो, सौम्य किंवा दुतर्फा व्रणात आकडा मदत करतो, हे मोजमापाच्या समर्थकांना आणि साशंकांना, दोघांनाही मान्य आहे. युरोपातल्या १२ देशांतल्या ३६ केंद्रांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ९,५२३ रुग्णांच्या ऊती तपासल्या, त्यांत ३६.४ टक्क्यांत हाच व्रण होता. सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषावर मोजमाप आधी रुळले यात नवल नाही.

एफसीडी: जिथे वाद आहे

खरी चुरस आहे ती फोकल कॉर्टिकल डिसप्लेजियावर, म्हणजे एफसीडीवर. गर्भात मेंदूचा वरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, घडताना एखाद्या ठिकाणी पेशींची मांडणी बिघडते. लंडनमध्ये टेलर, फाल्कनर आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दहा रुग्णांच्या ऊतींवरून त्याचे वर्णन केले. चित्रात त्याच्या खुणा नाजूक असतात: कॉर्टेक्स थोडा जाड, करड्या आणि पांढऱ्या भागातली सीमा पुसट, फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात किंचित उजळपणा. बऱ्याचदा तो मेंदूच्या घडीच्या अगदी तळाशी बसलेला असतो आणि सेंटिमीटरभरही नसतो. नेहमीच्या स्कॅनमध्ये पाच मिलिमीटर जाडीचे काप, दोन कापांच्या मध्ये थोडी फट. असा दोष एका कापात अर्धवट येतो आणि पुढच्यात नाहीसा होतो. घडी तिरपी कापली गेली की निरोगी कॉर्टेक्ससुद्धा जाड आणि पुसट दिसतो. रेडिऑलॉजिस्टने दुर्लक्ष केले तर त्याला दोष देणे अवघड आहे.

या नाजूक खुणा मोजायच्या कल्पनेला दोन वाटांनी रूप आले. मॉन्ट्रियलमध्ये बर्नास्कोनी यांच्या गटाने जाडी आणि सीमेचा पुसटपणा यांचे गणिती नकाशे केले. जर्मनीत हुपर्ट्झ यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्णाचा मेंदू प्रमाण साच्यात बसवून त्यातून निरोगी गटाची सरासरी वजा केली जाते आणि करड्या-पांढऱ्याची सीमा जिथे पसरट झाली आहे तिथे नकाशा उजळतो. ही पद्धत युरोपातल्या अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेपूर्वीच्या बैठकीचा भाग झाली.

पुढचा टप्पा यंत्रशिक्षणाचा. मेल्ड या नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २२ केंद्रांतून १,०१५ जणांचे स्कॅन जमवले, त्यांत ६१८ एफसीडीचे रुग्ण आणि ३९७ तुलनेसाठीचे. २०२२ मध्ये आलेला त्यांचा निकाल प्रांजळ होता: राखून ठेवलेल्या स्कॅनवर संवेदनशीलता (खरे दोष पकडण्याचे प्रमाण) ५९ टक्के, विशिष्टता (निरोगी मेंदू निर्दोष ठरवण्याचे प्रमाण) ५४ टक्के. दोषाच्या कडेचा पट्टा धरला तर संवेदनशीलता ६७ टक्के. टाइप-टू-बी प्रकारचा एफसीडी, टी-वन आणि फ्लेअर दोन्ही चित्रे हाताशी आणि शस्त्रक्रियेनंतर फिट्स थांबलेल्या, अशा निवडक रुग्णांत ती ८५ टक्क्यांवर गेली. २०२५ मध्ये त्याच गटाची सुधारित प्रणाली आली. संवेदनशीलता ७० टक्के, विशिष्टता ६०. पण तिने दाखवलेल्या जागांपैकी खऱ्या निघणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ६७ वर गेले.

हे शेवटचे वाक्य उलटे वाचले तरी खरे आहे. दर तीन इशाऱ्यांतला एक खोटा. आणि ६० टक्के विशिष्टता म्हणजे शंभर निरोगी माणसांतल्या चाळिसांच्या मेंदूवरही प्रणाली कुठे तरी बोट ठेवते.

अशा प्रणालीचा रिपोर्ट हातात घेतला की त्याची उपयुक्तता आणि मर्यादा एकदमच कळतात. पहिल्या पानावर फुगवून गुळगुळीत केलेला मेंदू, त्यावर रंगीत ठिपका. खाली त्याच जागेचे मूळ एमआरआय काप. बाजूला आडव्या पट्ट्या: इथली जाडी सरासरीपासून इतकी प्रमाण विचलने दूर, सीमेचा ठळकपणा इतका, फ्लेअरची तीव्रता इतकी, आणि निर्णयात कोणत्या पट्टीचा वाटा किती तेही रंगाने दाखवलेले. वाचणारा त्या कापावर जातो, झूम करतो आणि ठरवतो की ही घडी तिरपी कापली गेली आहे की खरोखर काही आहे. ठिपका बघून काप पुन्हा न पाहणाऱ्याने हा रिपोर्ट मागवूच नये, असे माझे मत.

दोन बाजू

मोजमापाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा विषमतेचा आहे. अपस्माराचा एमआरआय रोज वाचणारे रेडिऑलॉजिस्ट मोजक्या शहरांत आहेत, स्कॅन मात्र गावोगाव निघतात. तज्ज्ञाची नजर पाठवता येत नाही, सॉफ्टवेअर पाठवता येते. दुसरा मुद्दा सातत्याचा: आकडा शुक्रवारी संध्याकाळी थकत नाही. तिसरा, आधी निसटलेले दोष खरोखर सापडतात. २०२५च्या अभ्यासात तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेल्या एफसीडींपैकी ६४ टक्के प्रणालीने दाखवले.

साशंक तज्ज्ञांचे म्हणणे वेगळ्या ठिकाणी सुरू होते. आधी स्कॅन नीट काढा. बॉनमधल्या १२३ रुग्णांवरचा २००२चा अभ्यास ते पुढे करतात. नेहमीचा एमआरआय, नेहमीच्या रेडिऑलॉजिस्टने वाचला तेव्हा ३९ टक्के रुग्णांत दोष सापडला. तोच एमआरआय अपस्माराच्या तज्ज्ञाने वाचला तेव्हा ५०. अपस्मारासाठी खास पद्धतीने नवा स्कॅन काढून तज्ज्ञाने वाचला तेव्हा ९१. संगणकाचा कुठेही हात न लागता केवढा फरक पडला पाहा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या गटाने 'हार्नेस' नावाचा नमुना सुचवला तो याच विचाराने: एक मिलिमीटरचे, फटी नसलेले त्रिमितीय टी-वन आणि फ्लेअर, शिवाय हिप्पोकॅम्पसला काटकोनात टी-टू. यासाठी नवे मशीन लागत नाही, मशीनवर जास्त वेळ लागतो. आणि गंमत अशी की मोजणाऱ्या प्रणालींनाही असेच त्रिमितीय स्कॅन लागतात. पाच मिलिमीटरच्या कापांवर त्या नीट चालत नाहीत. म्हणजे सॉफ्टवेअर पाठवायच्या आधी प्रोटोकॉल पाठवावा लागतो, यावर खरे तर दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हरकत नाही.

साशंकांचा दुसरा मुद्दा खोट्या इशाऱ्यांचा. एफसीडी शोधताना पुढची पायरी बऱ्याचदा स्टीरिओ-ईईजी असते. कवटीला बारीक छिद्रे पाडून मेंदूत इलेक्ट्रोड उतरवतात. आकड्याने भलतीकडे बोट दाखवले तर इलेक्ट्रोड भलतीकडे जाऊ शकतो. समर्थक याला उत्तर देतात की आकडा कधीच एकटा वापरायचा नसतो. ईईजी आणि फिटचे वर्णन त्याच जागेकडे निर्देश करत असतील तरच तो गंभीरपणे घ्यायचा. व्यवहारात बहुतेक मोठी केंद्रे याच मध्यम मार्गाने चालतात. पेट स्कॅनमधले साखरेच्या वापराचे नकाशे किंवा फिटच्या वेळच्या आणि एरवीच्या स्पेक्ट चित्रांची वजाबाकी हीसुद्धा मोजमापेच आहेत आणि त्यांच्याबाबत हाच शिरस्ता आधीपासून आहे.

'नॉर्मल' म्हणजे कोणाचा नॉर्मल

सगळे मोजमाप निरोगी गटावर उभे असते, आणि या पायाबद्दल चर्चा हवी तेवढी होत नाही.

एक साधा हिशेब. कॉर्टेक्सचे ६८ विभाग करणारा नकाशा सर्रास वापरला जातो. सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपलीकडचे ते 'असामान्य' असा नियम लावला, तर ठणठणीत माणसाच्याही साधारण तीन विभागांवर केवळ योगायोगाने खूण पडेल. मेंदूच्या पृष्ठभागावरचे लाखो बिंदू एकेक तपासले तर काय होईल, त्याचा अंदाज करावा. म्हणूनच उंबरठा कुठे ठेवायचा हा तांत्रिक वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात रुग्णाच्या वाट्याला येतो.

मग मशीनचा प्रश्न. एकाच माणसाचा मेंदू दोन कंपन्यांच्या स्कॅनरवर, किंवा एकाच स्कॅनरवर सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी आणि नंतर, थोडा वेगळा मोजला जातो. हा फरक काढून टाकायच्या सांख्यिकी युक्त्या आहेत. पण त्यांना त्या त्या मशीनवरचे पुरेसे निरोगी स्कॅन लागतात, आणि निरोगी माणसाला मशीनमध्ये झोपवायला छोट्या केंद्राकडे ना वेळ असतो ना पैसा.

आणि माणसांचा प्रश्न. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा पाश्चात्त्य आणि पूर्व आशियाई नकाशांच्या तुलनेत भारतीय मेंदू सरासरीने आकाराने लहान आढळला. बेंगळुरूच्या निम्हान्सनेही वेगवेगळ्या वयोगटांसाठी भारतीय साचे तयार केले आहेत. डोक्याच्या आकाराची दुरुस्ती गणितात केली जाते, हे खरे. पण ती दुरुस्ती भारतीय रुग्णांत पुरते का, हे अपस्माराच्या निदानापुरते वेगळे तपासावे लागेल.

न सुटलेले

पहिले, मुले. जन्मानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांत मेंदूतल्या तंतूंवर मायलिन चढत असते आणि करड्या-पांढऱ्यातला फरक महिन्यागणिक बदलतो. मध्ये एक टप्पा असा येतो की तो जवळजवळ नाहीसाच होतो. एफसीडीच्या फिट्स अनेकदा याच वयात सुरू होतात. सीमेच्या पुसटपणावर बेतलेली प्रणाली इथे लंगडी पडते.

दुसरे, एफसीडीचा टाइप-वन. सूक्ष्मदर्शकाखाली तो असतो. चित्रात फारशी खूण नसते. प्रणाली शिकवल्या गेल्या त्या बहुतांशी टाइप-टूवर, म्हणून त्यांचे यशही तिथलेच. ऊतीचे गुणधर्म थेट मोजणाऱ्या एमआर फिंगरप्रिंटिंगसारख्या पद्धती आणि ७ टेस्लाची शक्तिशाली मशीन यांच्याकडे त्यासाठी पाहिले जाते.

तिसरे, कारण की परिणाम. एनिग्मा या जागतिक गटाने २०१८ मध्ये २,१४९ रुग्ण आणि १,७२७ निरोगी माणसांची तुलना केली. जिथे एमआरआय नॉर्मलच असायचा असे मानले जाई, त्या जन्मजात प्रवृत्तीच्या अपस्मारातही थॅलॅमस आणि कॉर्टेक्सचे काही भाग सरासरीने थोडे आक्रसलेले निघाले. हे फिट्समुळे, औषधांमुळे की मुळातच? आणि गटागटांत दिसणारा हा बारीक फरक समोर बसलेल्या एका रुग्णाबद्दल काहीच सांगत नाही, ही सांख्यिकीची जुनी अडचण इथेही आहे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे: दोष सापडण्याची टक्केवारी सगळे मोजतात, त्यातून किती जणांच्या फिट्स थांबल्या हे फार थोडे. मोजमापासह आणि मोजमापाविना अशा दोन गटांत रुग्ण वाटून पुढे काय झाले हे पाहणाऱ्या मोठ्या चाचण्यांची उणीव आहे. तोवर मेल्डसारख्या प्रणाली विनामूल्य उपलब्ध असल्या, तरी त्यांच्यावर 'केवळ संशोधनासाठी' असा इशारा आहे आणि रुग्णाच्या रिपोर्टात त्यांचा आकडा कोणाच्या सहीने जायचा, हे स्पष्ट नाही.

भारतासाठी यात आणखी एक गाठ आहे. आपल्याकडे फिट्सचे एक नेहमीचे कारण म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, फीतकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ. गाठ विरते, पण पुष्कळदा तिच्या जागी चुन्याचा ठिपका राहतो, जो सीटीवर लख्ख दिसतो. काही वर्षांनी फिट्स औषधांना दाद देईनाशा होतात, आणि हिप्पोकॅम्पस मोजला तर एका बाजूचा आक्रसलेला निघतो. आता फिट कुठून येते? ठिपक्यापासून, हिप्पोकॅम्पसपासून, की ठिपक्याने वर्षानुवर्षे डिवचल्यामुळे हिप्पोकॅम्पस बिघडला आणि आता तोच स्वतंत्रपणे फिट्स काढतो आहे? लॅटिन अमेरिकेतले आणि भारतातले तज्ज्ञ यावर बरेच दिवस वाद घालत आहेत. एफसीडीच्या रुग्णांवर शिकलेल्या प्रणालीला हा ठिपका ओळखीचा नाही. हिप्पोकॅम्पस मोजणारी प्रणाली त्याचा आकडा देईल. शस्त्रक्रियेत काय काढायचे, ठिपका, हिप्पोकॅम्पस की दोन्ही, हे ठरवायला अजून व्हिडिओ-ईईजीच्या वॉर्डात रुग्णाला काही दिवस ठेवून पुढच्या फिटची वाट पाहावी लागते.